घरची दिनदर्शिका

प्रस्तावना

१९७३ साली जयंतराव साळगावकर यांनी ‘कालनिर्णय’ सुरू केले. तारीख, वार, तिथी आणि सण एकत्र देणारी ही दिनदर्शिका मराठी घरांच्या भिंतींवर स्थिरावली. अशा दिनदर्शिकेकडे वर्षअखेरीस नीट पाहिले, तर तिच्यावर दोन प्रकारची अक्षरे आढळतात : काही छापलेली, काही हाताने लिहिलेली. दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, विम्याचा हप्ता, बाळाची लस, माहेरी जाण्याचा दिवस अशा नोंदी कोपऱ्याकोपऱ्यांत दाटीने बसलेल्या असतात. छापलेला मजकूर असंख्य घरांत सारखाच असतो. हाताची अक्षरे मात्र त्या एकाच घराची असतात. वर्ष संपले की तो कागद रद्दीत जातो आणि त्याबरोबर घराची ती आठवणही जाते.

घरच्या संगणकावर या नोंदींनाच मुख्य स्थान देऊन दिनदर्शिका तयार करता येते. संगणक चौकटी आखून देतो. कोणता दिवस महत्त्वाचा आणि तो नेमका कधी येतो, हे मात्र माणसालाच ठरवावे व पडताळावे लागते. प्रस्तुत पाठात या कामाची ओळख करून घ्यावयाची आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• घरच्या दिनदर्शिकेसाठी नोंदींची यादी करता येईल;
• तारीख आणि तिथी यांतील फरक सांगता येईल;
• थोड्या शब्दांत अर्थपूर्ण नोंद लिहिता येईल;
• छपाईपूर्वी दिनदर्शिका तपासता येईल.

मूळ पाठ

१. आधी यादी, मग संगणक

संगणक सुरू करण्यापूर्वी एक वही घ्यावी आणि घरातील सर्वांना एकत्र बसवावे. आजीला देवकार्ये व श्राद्धतिथी ठाऊक असतात. आईला दूध, किराणा आणि शाळेची फी. वडिलांना विम्याचे व कर्जाचे हप्ते. मुलांना परीक्षा आणि मित्रांचे वाढदिवस. एकट्याने केलेल्या यादीत एकट्याचेच दिवस येतात, म्हणून हे काम सर्वांनी मिळून करावे.

यादीचे दोन भाग करावेत. ठरावीक तारखेला येणाऱ्या नोंदी एका भागात आणि तिथीने येणाऱ्या नोंदी दुसऱ्या भागात लिहाव्यात. ज्या कामाला शेवटची तारीख असते, त्याची नोंद चार-पाच दिवस आधीच्या चौकटीत करावी. शेवटच्या दिवशी जाग येऊन उपयोग नसतो.

२. तारीख आणि तिथी

तारखा व वार यांचा मेळ पुन्हा जुळून येतो. उदाहरणार्थ, २०१५ आणि २०२६ या दोन्ही वर्षांची सुरुवात गुरुवारी झाली आणि दोन्ही वर्षे ३६५ दिवसांची आहेत. त्यामुळे त्यांतील सर्व तारखांचे वार सारखेच आहेत. तिथींचे मात्र असे नसते. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे, म्हणजे सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. हा फरक भरून काढण्यासाठी मधूनमधून अधिक महिना येतो. २०२३ साली अधिक श्रावण आला होता; २०२६ साली अधिक ज्येष्ठ आला. म्हणून मागील वर्षाच्या तिथी यंदा उतरवून चालत नाही. त्या प्रत्येक वर्षी पंचांगातून नव्याने घ्याव्या लागतात.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी येथे विशेष सावध राहावे. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो. या पद्धतीला अमान्त पद्धती म्हणतात. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान इत्यादी प्रदेशांत तो पौर्णिमेला संपतो. ही पौर्णिमान्त पद्धती होय. शुद्ध पक्षात दोन्हींकडे महिन्याचे नाव एकच असते, पण वद्य पक्षात ते बदलते. जन्माष्टमी मराठी पंचांगात श्रावण वद्य अष्टमीला, तर हिंदी पंचांगात भाद्रपद कृष्ण अष्टमीला दाखवलेली असते. दिवस मात्र तोच.

समजा, इंदूर येथे राहणाऱ्या एका मराठी कुटुंबात आजोबांची श्राद्धतिथी ‘भाद्रपद वद्य पंचमी’ अशी लिहून ठेवलेली आहे. घरातील मुलाने स्थानिक हिंदी पंचांगात भाद्रपद कृष्ण पंचमी शोधली, तर त्याला खऱ्या दिवसाच्या एक महिना आधीचा दिवस मिळेल. हिंदी पंचांगात त्याने आश्विन कृष्ण पंचमी पाहावयास हवी. गुजरातेत महिने अमान्तच असतात. पण तेथील विक्रम संवताचे नवे वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला सुरू होते, तर मराठी घरातील शालिवाहन शकाचे वर्ष गुढीपाडव्याला, म्हणजे चैत्र शुद्ध प्रतिपदेला. म्हणून तिथी कोणत्या पद्धतीने लिहिली आहे, हे यादीतच नोंदवून ठेवावे.

३. चौकटींची आखणी

‘लिब्रेऑफिस रायटर’सारख्या विनामूल्य लेखन-प्रणालीतही हे काम होते. एका महिन्यासाठी ए-४ आकाराचे एक पान घ्यावे. हे पान २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असते. दोन्ही बाजूंना १० मिलिमीटर समास सोडला, तर १९० मिलिमीटर उरतात. त्यांत सात वारांचे सात स्तंभ बसवले, की प्रत्येक चौकट सुमारे २७ मिलिमीटर रुंद होते. वरच्या बाजूस तारेची बांधणी करावयाची असल्यास २० मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी.

तक्त्यात वारांची एक ओळ आणि तारखांच्या सहा ओळी ठेवाव्यात. आठवडा रविवारपासून मांडला, तर फेब्रुवारी २०२६ हा महिना चारच ओळींत मावतो. ऑगस्ट २०२६ मात्र शनिवारी सुरू होत असल्याने त्याला सहा ओळी लागतात. सर्व पानांवर सहा ओळी ठेवल्या, की बारा पाने एकसारखी दिसतात.

पानाच्या वरच्या एक-तृतीयांश भागात छायाचित्र घालता येते. ते १५ × १० सेंटिमीटर आकारात स्वच्छ छापावयाचे असेल, तर चित्रात सुमारे १८०० × १२०० बिंदू असावेत. मोबाइलवरील संदेशातून आलेले छायाचित्र पुष्कळदा आकाराने कमी झालेले असते. म्हणून मूळ छायाचित्र मागवून घ्यावे.

मराठी मजकुरासाठी युनिकोड टंक वापरावा. जुन्या पद्धतीच्या टंकात लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर उघडला, तर निरर्थक चिन्हे उमटतात.

४. नोंदीची भाषा

सत्तावीस मिलिमीटरच्या चौकटीत लांब वाक्य मावत नाही. तरीही नोंद इतकी तोकडी नसावी, की ती लिहिणाऱ्यालाच कळावी. नुसते ‘बँक’ असे लिहिले, तर पैसे भरावयाचे की काढावयाचे, हे इतरांना उमगत नाही. ‘बँक : घरकर्ज हप्ता’ ही नोंद घरातील कोणालाही कळते. कोणाचे काम आणि कोणते काम, या दोन गोष्टी नोंदीत असाव्यात. क्रियापद गाळले तरी चालते.

शब्दांची निवडही काळजीपूर्वक करावी. जयंती जन्मदिवसाची असते आणि पुण्यतिथी मृत्यूच्या दिवसाची. संस्थेचा वर्धापनदिन असतो, वाढदिवस नव्हे. ‘जयंती’च्या जागी ‘पुण्यतिथी’ लिहिले गेले, तर शुद्धलेखन तपासणारी प्रणाली काही दाखवत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्धच असतात. अशी चूक वाचणाऱ्या माणसालाच दिसते.

५. तपासणी आणि छपाई

छापलेल्या तारखेवर माणूस सहज विश्वास ठेवतो. म्हणूनच चुकीची नोंद ही नोंद नसण्यापेक्षाही घातक ठरते.

बाळाच्या लसींचे उदाहरण पाहू. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात जन्मानंतर ६, १० आणि १४ आठवडे असे टप्पे आहेत. १ जानेवारी २०२६, गुरुवारी जन्मलेल्या बाळाचे हे टप्पे १२ फेब्रुवारी, १२ मार्च आणि ९ एप्रिल या दिवशी पूर्ण होतात. आठवडे पूर्ण मोजलेले असल्याने तिन्ही दिवस गुरुवारच येतात. दुसरा वार आला, तर मोजणी चुकली असे समजावे. चौदा आठवड्यांऐवजी साडेतीन महिने मोजले, तर तारीख १५ एप्रिलच्या आसपास, म्हणजे जवळजवळ एक आठवडा पुढे जाते. शेवटी ही तारीख आरोग्य केंद्राने दिलेल्या लसीकरण कार्डाशी जुळवून पाहावी आणि कार्डावरील तारीखच प्रमाण मानावी.

तपासताना एकाने मूळ यादी वाचावी आणि दुसऱ्याने पानावर बोट ठेवून पाहावे. प्रत्येक महिन्याचा पहिला वार आणि शेवटची तारीख स्वतंत्रपणे तपासावी. आधी एकच पान साध्या कागदावर छापून भिंतीवर लावावे. घरातील वृद्ध व्यक्तीला ते दोन पावलांवरून वाचता आले नाही, तर अक्षरे मोठी करावीत.

अंतिम छपाई दुकानात करावयाची असल्यास पीडीएफ प्रत न्यावी, म्हणजे आखणी विस्कटत नाही. कागद थोडा जाड घ्यावा, पण गुळगुळीत चकचकीत घेऊ नये. त्यावर शाई नीट टिकत नाही. दिनदर्शिका कितीही विचारपूर्वक केली, तरी वर्षभरात नवे दिवस येतातच, आणि ते लिहिण्यासाठी चौकटीत जागा व कागदावर शाई धरण्याचा गुण हवाच. वर्षअखेरीस हाताने लिहिलेल्या नोंदी पाहून पुढील वर्षाची यादी करावी.

पाठगत प्रश्न

१. १ ऑगस्ट २०२६ रोजी शनिवार असेल, तर १५ ऑगस्टला कोणता वार येतो?
२. अमान्त आणि पौर्णिमान्त पद्धतींत कोणत्या पक्षात महिन्याचे नाव बदलते?
३. ‘बँक’ ही नोंद अपुरी का आहे?

शब्दार्थ

खाडा – नेहमीच्या गोष्टीत पडलेला खंड. समास – पानाच्या कडेची मोकळी जागा. टंक – संगणकावरील अक्षरांचे वळण, फॉन्ट. प्रमाण मानणे – खरे म्हणून स्वीकारणे.

आपण काय शिकलात?

• घरची दिनदर्शिका सर्वांनी मिळून केलेल्या यादीपासून सुरू होते.
• तिथी दरवर्षी नव्याने आणि योग्य पद्धतीच्या पंचांगातून घ्याव्या लागतात.
• नोंद थोडक्यात, पण सर्वांना कळेल अशी असावी.
• संगणक आखणी करतो. तारखांच्या खरेपणाची जबाबदारी माणसाची असते.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील पाच व्यक्तींना विचारून पुढील महिन्याच्या दहा नोंदी तयार करा.
२. पुढील वाक्ये चौकटीत मावतील अशा नोंदींत लिहा : (अ) आज आजीला डोळे तपासण्यासाठी दवाखान्यात न्यायचे आहे. (आ) परीक्षेचा अर्ज भरण्यासाठी आता पाचच दिवस राहिले आहेत.
३. जयंती, पुण्यतिथी, वर्धापनदिन या शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. शनिवार. २. वद्य (कृष्ण) पक्षात. ३. बँकेत कोणते काम करावयाचे आहे, हे तीवरून इतरांना कळत नाही.