कोबी खाताना सांभाळायच्या गोष्टी

१. गड्डा हातात तोलून घ्यावा. सारख्या आकाराच्या दोहोंतला जड तो घ्यायचा. देठाची काप पांढरी हवी. भाजीवाला वरची पानं सोलून चकचकीत करून देतो, त्याला भुलू नये.

२. विळीवर बारीक चिरलेला कोबी भिजलेल्या चणाडाळीबरोबर फोडणीला टाकला की पाणी घालायचं नाही. पाच-सात मिनिटं परतायचा, दाताखाली कुरकुरला पाहिजे. फार शिजला की गंधकाचा वास घरभर होतो आणि जिन्यातल्या लोकांनाही मेनू कळतो. 100 ग्रॅम कच्च्या कोबीत साधारण 36 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. रोजची गरज बाईला 65 आणि पुरुषाला 80 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे वाटीभर पचडी बरंच काम करते. पण हे जीवनसत्त्व उष्णतेनं घटतं आणि पाण्यात उतरतं. उकडून पाणी ओतून देणाऱ्यांनी मग फायद्याच्या गप्पा मारू नयेत. शिवाय 100 ग्रॅममध्ये कॅलरी जेमतेम 25, आणि चोथा भरपूर.

३. ह्यांच्या हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ ठेवणारी ॲसिट्रोमची गोळी कायमची आहे. घरी आल्या आल्या नातेवाइकांनी फर्मान काढलं, कोबी-पालक बंद! कारण खरं आहे: रक्त गोठायला के जीवनसत्त्व लागतं, गोळी त्याच्याच कामात अडथळा आणते आणि कोबीत ते आहे. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "काकू, बंद नका करू. पण एका आठवड्यात रोज आणि पुढच्यात अजिबात नाही, असा लहरीपणा नको." आता आमच्याकडे कोबीचे वार ठरलेले आहेत आणि वाटीही तीच. मुलीकडे राहायला गेलो आणि तिथला बेत निराळा असला, तर आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची, तपासणी लवकर करून घेतो. पालकात के जीवनसत्त्व कोबीच्या कितीतरी पट असतं, त्यामुळे घाबरायचंच असेल तर आधी पालकाला घाबरावं. रक्त पातळ करणाऱ्या काही नव्या गोळ्यांना हे पथ्य नसतं; आपली कुठली, ते विचारून घ्यावं.

४. थायरॉइडवाल्यांना कोबी वर्ज्य, हे आमच्या भिशीतलं ठाम मत. उगम 1928 सालच्या अमेरिकेतल्या प्रयोगात आहे. तिथे सशांना मुख्यतः कोबीच खायला घातला आणि त्यांचे गळे सुजले. आपण काही ससे नव्हे. आयोडीनयुक्त मीठ पोटात जातंय, भाजी शिजवलेली आहे, मग आठवड्यातून दोनदा खाल्ल्यानं काय बिघडतं? थायरॉइडची सकाळची गोळी चहाबरोबर घेणाऱ्यांनी कोबीला बोल लावू नये, ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची असते.

५. अल्सरवर कोबीचा रस. 1949 मध्ये स्टॅनफर्डच्या गार्नेट चेनी या डॉक्टरांनी मोजक्या रुग्णांना तो पाजून गुण आल्याचं लिहिलं, तेव्हापासून रसाचा बोलबाला आहे. पुढे 1982 मध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना अल्सरमागचा पोटातला जिवाणू सापडला, अल्सरवर अँटिबायोटिक सुरू झाली आणि त्यांना 2005 चं नोबेल मिळालं. पोट सतत जळत असेल तर डॉक्टर गाठावा. रस प्यायचा तर हौस म्हणून प्यावा. गॅस धरणाऱ्यांनी हौससुद्धा जरा बेतानंच करावी. हिंगाची फोडणी दिलेली भाजी त्यांना बरी.

६. "कोबीतला किडा मेंदूत जातो" म्हणतात, तो पानातला हिरवा अळीकिडा नव्हे. सांडपाण्यातून पानांवर आलेली टेपवर्मची अंडी डोळ्यांना दिसतच नाहीत. मिठाच्या पाण्यानं ती मरतील या भरवशावर राहू नये. शिजवली की मरतात. वरची दोन-तीन पानं टाकायची, कारण फवारणीही तिथेच जास्त बसते. बाकीची सुटी करून वाहत्या नळाखाली एकेक चोळायची. घरची पचडी चालते. गाडीवरच्या नूडल्सवर भुरभुरलेला कच्चा कोबी मी बाजूला काढते, नातवाच्या ताटलीतलासुद्धा; तो रुसतो. पावसाळ्यात तर घरीही पचडी बंद, त्या दिवसांत कोबीच्या वड्या वाफवायच्या.