एका संगणकात दहा संगणक

एखादी जुनी चाळ डोळ्यांसमोर आणा. चाळीत दहा बिऱ्हाडे आहेत आणि गच्चीवर पाण्याची एकच टाकी आहे. एके दिवशी सकाळी कोपऱ्यातल्या बिऱ्हाडाच्या नळाला पाणी येत नाही. घरातील काका पाना घेऊन नळ खोलतात, वायसर बदलतात, नळ पुन्हा बसवतात. तरी पाणी नाही ते नाहीच! नळात दोष नव्हताच मुळी. टाकी रिकामी झाली होती.

मोठमोठ्या संस्थांतील कितीतरी संगणकांची राहणी आज या चाळीसारखी झाली आहे. तेथेही नळ बिघडला की टाकी आटली, हे आधी ठरवावे लागते. ते कसे ठरवायचे, हेच आज आपण पाहणार आहोत.

आभासी संगणक म्हणजे काय?

तुम्ही घरी बसून परीक्षेचा निकाल पाहता, तेव्हा दूरच्या एखाद्या संगणकाकडून तुम्हांला उत्तर येते. असे उत्तर देणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. हा सर्व्हर म्हणजे एक स्वतंत्र लोखंडी पेटी असेल, असे तुम्हांला वाटेल. पुष्कळदा तसे नसते. एका दणकट संगणकावर एक खास प्रोग्रॅम चालतो आणि तो त्या एकाच यंत्रातून दहा-वीस संगणकांचा आभास निर्माण करतो. या प्रोग्रॅमला हायपरव्हायझर म्हणतात. त्याने निर्माण केलेल्या प्रत्येक संगणकाला व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, असे नाव आहे. खऱ्या यंत्राला यजमान आणि आभासी संगणकाला पाहुणा म्हणण्याची पद्धत आहे. आपणही तेच शब्द वापरू.

पाहुण्याचे काम चालते कसे? बेरीज, वजाबाकी, तुलना यांसारख्या साध्या आज्ञा खऱ्या प्रोसेसरवर सरळ चालतात. त्यामुळे वेग फारसा कमी होत नाही. परंतु डिस्कवर लिहिणे, मेमरीची वाटणी बदलणे अशी काही कामे साऱ्या यंत्राशी संबंधित असतात. पाहुण्याने अशा कामाला हात घातला, की प्रोसेसर त्याला तेथेच थांबवतो आणि ताबा हायपरव्हायझरकडे देतो. हायपरव्हायझर ते काम योग्य त्या मर्यादेत करून ताबा परत देतो. पाहुण्याला मात्र वाटते, की सगळे आपणच केले. त्याची डिस्कसुद्धा बहुधा यजमानाच्या डिस्कवरील एक मोठी फाईलच असते.

कल्पना जुनीच

ही कल्पना आजची नव्हे. १९६०नंतरच्या दशकात संगणक अवाढव्य आणि अतिशय महाग असत. एकच यंत्र अनेकांत वाटून घेणे भाग असे. अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीच्या विज्ञान केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीपी-४० ही प्रणाली तयार केली. जानेवारी १९६७ मध्ये ती नियमित वापरात आली. एका यंत्रावर ती १४ आभासी संगणक चालवू शके. पुढे १९७२ साली आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली.

१९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोन शास्त्रज्ञांनी अशा प्रणालीच्या तीन कसोट्या मांडल्या. पाहुण्यावरील प्रोग्रॅम खऱ्या यंत्रावर चालावा तसाच चालला पाहिजे. यंत्राच्या सर्व साधनांवर पूर्ण ताबा व्यवस्थापक प्रोग्रॅमचाच राहिला पाहिजे. आणि बहुतेक आज्ञा त्याच्या मध्यस्थीवाचून चालल्या पाहिजेत. पुढे १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने घरगुती वापराच्या संगणकांवर ही किमया करून दाखवली. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच तिची सोय केली, आणि २००७ मध्ये लिनक्समध्ये केव्हीएम हा भाग आला.

पहिली कसोटी पुन्हा वाचा. पाहुण्याला आपण खऱ्या यंत्रावर आहोत असेच वाटले पाहिजे! चाळीतल्या काकांना शेजारी नऊ बिऱ्हाडे आहेत हे ठाऊक असते. आभासी संगणकाला शेजाऱ्यांचा पत्ताच नसतो. हीच त्याची खुबी आणि बिघाडाच्या वेळी हीच अडचण. तो खोटे बोलत नाही, पण त्याला दिसते तेवढेच तो सांगतो.

निकालाच्या दिवसाचे कोडे

समजा, एका महाविद्यालयाचा कारभार एका यजमान सर्व्हरवर चालतो. त्याची डिस्क १,००० जीबीची आहे. त्यावर दहा पाहुणे आहेत आणि प्रत्येकाला २०० जीबीची डिस्क दिली आहे. बेरीज करा. २,००० जीबी झाले! हजारात दोन हजार कसे मावले?

यात जादू नाही. पाहुण्याच्या डिस्कची फाईल सुरुवातीला लहान असते आणि तो लिहील तशी ती वाढते. या पद्धतीला थिन प्रोव्हिजनिंग म्हणतात. आपल्या दहाही पाहुण्यांच्या फायली प्रत्येकी ७० जीबीच्या झाल्या आहेत, असे धरू. म्हणजे एकूण ७०० जीबी खर्च झाले आणि ३०० उरले.

निकालाच्या दिवशी सकाळी ११ वाजता निकाल दाखवणारा पाहुणा एकाएकी थांबतो. पुढच्या प्रवेशाच्या अर्जाची मुदत त्याच संध्याकाळी संपणार आहे. शेकडो मुलामुलींचे डोळे पडद्याकडे लागले आहेत. व्यवस्थापक पाहुण्याला पुन्हा सुरू करतो. दोन मिनिटे तो चालतो, तेवढ्यात त्याची डिस्क तपासता येते: २०० पैकी ७० जीबी वापरलेले, १३० मोकळे. प्रोग्रॅम जागच्या जागी आहेत. पाहुणा पुन्हा थांबतो. आता सगळे पुसून नव्याने बसवावे काय?

थांबा! हा नळ खोलण्याचा प्रकार झाला. आधी टाकी पाहू या.

यजमानाची डिस्क पाहिली तर १,००० पैकी १,००० जीबी भरलेले! पाहुण्याचे १३० जीबी केवळ कागदावर होते; पासबुकात शिल्लक आहे, पण तिजोरीत नोटा नाहीत अशी ही अवस्था. लिहायला जागाच न उरल्यामुळे हायपरव्हायझरने पाहुण्याला थांबवून ठेवले. मग कालपरवापर्यंतचे ३०० जीबी गेले कोठे?

शोध घेता दोन स्नॅपशॉट सापडतात. तीन महिन्यांपूर्वी ग्रंथालयाच्या आणि हिशेबाच्या पाहुण्यांवर नवे प्रोग्रॅम बसवायचे होते. काही बिघडले तर मागे येता यावे म्हणून त्या दोघांची त्या क्षणीची स्थिती जपून ठेवली होती. काम नीट झाले आणि स्नॅपशॉटचा सर्वांना विसर पडला.

स्नॅपशॉट घेतला की जुनी डिस्कफाईल जशीच्या तशी राखली जाते आणि नवे सारे लिखाण दुसऱ्या फायलीत जाते. पाहुणा रोज नव्या फायली लिहितो, जुन्या पुसतो. त्याच्या हिशेबी आकडा ७० च्या आसपासच राहतो. यजमानाकडची दुसरी फाईल मात्र वाढत जाते. आपल्या उदाहरणात एक १६० आणि दुसरी १४० जीबीची झाली होती. ७०० + १६० + १४० = १,०००. कोडे सुटले! आजारी पडला निकालाचा पाहुणा, आणि कारण निघाले शेजाऱ्यांच्या घरी.

आता उपाय काय करावा?

घाईघाईने त्या दोन मोठ्या फायली पुसून टाकल्या तर अनर्थ होईल, कारण गेल्या तीन महिन्यांतले लिखाण त्यांतच आहे. स्नॅपशॉट काढायचा तो व्यवस्थापनाच्या प्रोग्रॅममधून, रीतसर. तेव्हा नवे लिखाण जुन्या फायलीत मिसळले जाते. या मिसळण्याला वेळ लागतो, डिस्क त्यात गुंतून पडते, आणि थोडी मोकळी जागाही लागते.

म्हणून शहाणा व्यवस्थापक दोन टप्पे करील. यजमानावर पडून असलेल्या अनावश्यक फायली किंवा बंद असलेला एखादा पाहुणा दुसऱ्या डिस्कवर हलवून आधी जागा करील आणि निकालाचा पाहुणा सुरू करील. स्नॅपशॉट मिसळण्याचे काम, सर्वांचे बॅकअप तपासून, तो रात्री वर्दळ थांबल्यावर करील. मुलांचा निकाल आधी, साफसफाई नंतर.

वेळेची आणि मेमरीची ओढाताण

जागेप्रमाणेच प्रोसेसरचा वेळही वाटला जातो. यजमानाला ८ कोअर आहेत आणि ६ पाहुण्यांना प्रत्येकी ४ आभासी प्रोसेसर दिले आहेत, असे समजा. एकूण २४ झाले. सर्वांना एकाच वेळी पूर्ण काम आले तर प्रत्येकाला फार तर एक तृतीयांश वेळ मिळेल. केव्हीएमवरील लिनक्स पाहुणा असा वाट पाहण्यात गेलेला वेळ 'एसटी' या अक्षरांनी दाखवतो. आपल्या लाल एसटीशी त्याचा संबंध नाही, पण थांब्यावर ताटकळणे मात्र सारखेच! हा आकडा सतत मोठा दिसत असेल, तर पाहुण्यातील प्रोग्रॅमला दोष देऊन उपयोग नाही.

मेमरीची गोष्ट अधिक नाजूक आहे. यजमानाकडे ६४ जीबी मेमरी असून ५ पाहुण्यांना प्रत्येकी १६, म्हणजे ८० जीबी कबूल केली, तर एरवी निभावते. पण सर्वांनी आपला वाटा मागितला की यजमान मेमरीतील काही मजकूर डिस्कवर हलवू लागतो. मेमरीतून मजकूर उचलायला सेकंदाचा सुमारे एक कोट्यंशावा भाग लागतो. फिरत्या डिस्कवरून आणायला सुमारे शंभरावा भाग. दोहोंत लाख पटींचा फरक पडला. मेमरीचे काम एका सेकंदात होते असे मानले, तर तेच काम डिस्कवरून करायला जवळजवळ २८ तास लागतील. मग सारेच पाहुणे एकदम मंदावले, यात नवल ते काय?

तपासणीचा क्रम

१. बिघाड एकाच पाहुण्यात आहे की अनेकांत? अनेक जण एकाच वेळी अडले, तर प्रथम यजमानावर संशय घ्या. एकच अडला, तर दोष बहुधा त्याचा. पण निकालाचे कोडे विसरू नका.

२. पाहुण्यातील आकडे लिहून घ्या. मग तेच आकडे यजमानाकडून घ्या: प्रोसेसर, मेमरी, डिस्कवरील जागा आणि नेटवर्क. दोघांच्या सांगण्यात तफावत असेल, तेथेच कारण शोधा.

३. सर्व काही नीट चालत होते तेव्हापासून काय बदलले, ते विचारा.

४. पाहुणा पुन्हा सुरू करण्यापूर्वी नोंदी जपून ठेवा. पुन्हा सुरू केल्याने काही पुरावे पुसले जातात.

५. एका वेळी एकच बदल करा. चार बदल एकदम केले, तर कशाने गुण आला ते कधीच कळणार नाही.

बिघाड टाळण्यासाठी आणखी तीन गोष्टी हव्यात. स्नॅपशॉटला तारीख आणि कारण लिहावे, आणि काम होताच तो काढावा. स्नॅपशॉटला बॅकअप समजू नये. तो त्याच डिस्कवर असतो, म्हणून डिस्क गेली की तोही गेला. आणि एका कामासाठी मुख्य व राखीव असे दोन पाहुणे ठेवले असतील, तर ते एकाच यजमानावर ठेवू नयेत. टाकीच फुटली तर दोन्ही नळ एकदम कोरडे पडतील.

करून पाहा

शाळेच्या संगणक कक्षात, शिक्षकांच्या परवानगीने, व्हर्च्युअलबॉक्स हा विनामूल्य प्रोग्रॅम बसवा. २ जीबी मेमरी आणि लागेल तशी वाढणारी २० जीबीची डिस्क असलेला पाहुणा तयार करा. यजमानावर त्याच्या डिस्कफायलीचा आकार पाहा आणि वहीत लिहा. लिनक्स बसवल्यावर पुन्हा पाहा. मग स्नॅपशॉट घ्या, पाहुण्यात एक मोठी फाईल साठवा, आणि यजमानावर कोणती फाईल वाढली ते शोधा. शेवटी पाहुणा बंद करून स्नॅपशॉटवर परत जा. साठवलेली फाईल आहे काय?

आता या प्रश्नांचा विचार करा. पाहुणा स्वतःची डिस्क २० जीबीची सांगतो. यजमान किती सांगतो? दोघांपैकी खोटे कोण बोलले? की दोघेही आपापल्या जागी खरेच बोलले? उत्तर लिहिताना चाळीतल्या काकांची आठवण ठेवा, आणि पाना हातात घेण्यापूर्वी एकदा गच्चीवर जाऊन या.