पोटाआधी मांड्या सांभाळा

बाळांनो, चाळिशी उलटली, पोट सुटलं, की सगळे म्हणतात, वयच झालं आता. वयाला उगाच दोष देऊ नका. बांध्याच्या हिशेबाने पाहिलं, तर विशीपासून साठीपर्यंत शरीराचा ऊर्जेचा खर्च जवळपास तेवढाच राहतो, असं २०२१ साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आलेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. घटतात ते स्नायू. तिशीनंतर दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के. हालचालही कमी होते, ताट मात्र तेवढंच भरतं.

म्हणून जमिनीवर बसणं सोडू नका. घरात डायनिंग टेबल आलं आणि दिवसाची कितीतरी उठबस गेली. निदान एक जेवण मांडी घालून करा आणि उठताना हाताचा टेकू कमीत कमी घ्या. गुडघे कुरकुरत असतील, तर खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. चहाला आधण येईपर्यंत होतं. अंगातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्यांचे आणि कुल्ल्यांचे. ते टिकले तर जिने चढवतात, बाजारात नेतात, पडण्यापासून वाचवतात.

जेवणानंतरची शतपावली चांगलीच, साखर एकदम चढत नाही. पण तेवढ्यावर भागत नाही. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास असं चाला, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. शिवाय दोन दिवस ताकदीचं काम हवंच. भिंतीला हात लावून जोर काढा, भाजीच्या पिशव्या स्वतः उचला. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

बायकांनो, पाळी जायच्या सुमारास चरबी पोटाकडे वळते. वजनकाट्यापेक्षा शिवणाच्या टेपवर भरवसा ठेवा. कंबर बायकांची ८० आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत बरी. उपासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी खाऊन कंबर कमी होत नाही. रोजच्या जेवणात उसळ, पिठलं, ताक असू द्या. स्नायूंना ते लागतं.

आणि घरातल्या थोरांना प्रेमापोटी ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ म्हणू नका. त्या प्रेमानेच माणूस खुर्चीला खिळतो. कपडे वाळत घालायला, दूध आणायला, कुंड्यांना पाणी घालायला त्यांना हक्काने सांगा.