व्हॉलीबॉलची डोक्यावरून सर्व्हिस कशी शिकवावी



पनवेल तालुक्यातील शाळांस भेट देत असता व्हॉलीबॉलचा तास पाहण्याचा योग आला, की एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. सहावी-सातवीचा मुलगा अंतिम रेषेमागे उभा राहतो, चेंडू उंच उडवितो, सर्व शक्तीनिशी हात मारतो आणि चेंडू जाळीत जातो. गुरुजी म्हणतात, "जोर लाव." दुसऱ्या खेपेस चेंडू कुंपणापलीकडील शेतात जातो. तिसऱ्या खेपेस त्या मुलास बाजूस करून सर्व्हिस 'जमणाऱ्या' मुलाकडे दिली जाते, आणि पहिला मुलगा उरलेला तास चेंडू आणून देण्याच्या कामी लागतो. वर्षअखेरीस त्या वर्गात सर्व्हिस करू शकणारी चार मुले असतात. ती चार मुले जूनमध्येही होतीच. मग वर्षभरात आपण शिकविले काय?

प्रस्तुत लेखकही या चुकीचा धनी आहे. नोकरीच्या प्रारंभीच्या वर्षांत सातवीच्या एका मुलीस मी सबंध सत्रभर "जोर कमी पडतो" असेच सांगत राहिलो. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढणारी ती मुलगी. तिच्या अंगी जोर नाही, हे म्हणणेच मुळात चमत्कारिक होते. एके दिवशी तिच्या हाताकडे न पाहता मी चेंडूकडे पाहिले, तेव्हा उमगले की तो दर वेळी निराळ्या जागी उडत आहे. कधी डोक्यामागे, कधी डावीकडे. आणि हात बिचारा त्याच्यामागे धावत आहे. हे मला कळेपर्यंत परीक्षा जवळ आली होती. सातवी होऊन ती शाळेतून गेली.

सर्व्हिस बिघडते ती बहुधा चेंडू उडविण्यात, मारण्यात नव्हे. म्हणून प्रथम केवळ चेंडू उडविण्याचा पाठ घ्यावा. उजव्या हाताने मारणाऱ्या मुलाने डावा पाय पुढे ठेवावा, चेंडू डाव्या तळव्यावर घ्यावा आणि उजव्या खांद्याच्या समोर, किंचित पुढे, सरळ वर सोडावा. झटका देऊ नये. तळहात उचलीत न्यावा व चेंडू हातातून आपसुक सुटावा. उंची दोन-अडीच वितींहून अधिक नको. चेंडू फार उंच उडविला तर तो खाली येताना वेग घेतो, आणि ज्या क्षणी मारावयाचा तो क्षण मुलास सापडत नाही. थोडाच उडविला, तर वरच्या टोकास तो पळभर थांबल्यासारखा होतो. तेथेच त्यास गाठावयाचे.

आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने मैदान चिखलाचे असते व खेळाचा तास बुडतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. या पाठास मैदान लागतच नाही. शाळेच्या पडवीत जमिनीवर खडूने परातीएवढे वर्तुळ काढावे, मुलास त्यामागे उभे करावे, चेंडू उडवून तसाच पडू द्यावा. दहापैकी आठ वेळा तो वर्तुळात पडला, की तो मुलगा पुढच्या पाठास तयार झाला. पडवीचे छप्पर ठेंगणे असले तर उत्तमच. अधिक उंच उडविण्याची खोड ते आपोआप मोडते. मारणे मात्र पडवीत नको, कौले महाग आहेत.

हात फिरविण्याचा पाठ मुलांनी आपल्या आधीच घेतलेला असतो. चिंचेवर दगड मारणाऱ्या मुलास कोणी शिकविले? त्याचे कोपर खांद्याइतके वर व मागे जाते, कंबर वळते, वजन मागच्या पायावरून पुढच्यावर येते आणि सर्वांत शेवटी हात येतो. नेमकी हीच क्रिया सर्व्हिसमध्ये हवी. तेव्हा शाळेत एकच चेंडू असला तरी अडत नाही. चिंध्यांचे चेंडू करून दोन रांगांत मुलांना जाळीवरून फेकाफेक करू द्यावी. मुलींस हे विशेष आवश्यक आहे. त्यांना फेकता येत नाही असे आपण म्हणतो, परंतु त्यांना फेकू कोणी दिलेले असते?

आता एक गोष्ट, जी आपल्या नजरेतून निसटते. मुले दूरचित्रवाणीवर सामने पाहतात व तेथील खेळाडूप्रमाणे चेंडू सरळ समोर हाणतात. पुरुषांच्या सामन्यात जाळी २.४३ मीटर व स्त्रियांच्या सामन्यात २.२४ मीटर उंच असते. उंच खेळाडूचा हात उभ्या उभ्याच तिच्या काठापर्यंत पोहोचतो, म्हणून त्याचा चेंडू जवळजवळ सपाट गेला तरी चालतो. सहावीतील मुलाचा हात पुरा उंचावला तरी जमिनीपासून सुमारे पावणेदोन मीटरच जातो. त्याने सपाट मारलेला चेंडू जाळीतच जाणार! त्याने चेंडूच्या मध्याच्या थोडे खाली, मनगटाजवळील तळव्याने, मनगट ताठ ठेवून मारले पाहिजे, म्हणजे चेंडू वर चढून पलीकडे उतरेल. जाळीही प्रथम दोन मीटरवर बांधावी. दोरी ताणून तीवर जुनी साडी टाकली तरी काम भागते. सर्व्हिस रेषा जाळीपासून नऊ मीटरवर असली, तरी आरंभ चार-पाच मीटरवरून करावा आणि दहापैकी सात चेंडू गेले की एक पाऊल मागे घ्यावे. हा क्रम कंटाळवाणा वाटतो खरा, पण मुलास नाही. मागे सरकलेले पाऊल त्याला बक्षिसासारखे असते.

फिरकी न घेता जाणारा चेंडू हवेत डळमळतो व समोरच्यास फसवितो. ते कौशल्य वरच्या वर्गांवर सोपवावे.

नियमांविषयी थोडे. सर्व्हिसचा चेंडू जाळीस लागून पलीकडे पडला तर पूर्वी तो दोष धरीत. आता तसे नाही. खेळ चालू राहतो. तरीही काही ठिकाणी शिक्षक शिटी वाजविताना दिसतात. चेंडू एकदाच उडविता येतो. वाईट उडाला म्हणून खाली पडू देऊन पुन्हा उडविण्याची मुभा सामन्यात नाही. सरावात मात्र वाईट उडालेला चेंडू मारू न देणे हेच हिताचे, कारण त्याच्यामागे धावण्याची सवय एकदा लागली की सुटत नाही. पंचांच्या शिटीनंतर आठ सेकंदांचा अवधी असतो. बहुतेक मुले दोन सेकंदांतच उरकतात. त्यांना चेंडू एकवार जमिनीवर आपटून, श्वास सोडून, मग उडविण्यास सांगावे.

खांदा दुखतो असे मुलाने म्हटले, तर तो आळस समजू नये. कोवळ्या वयात एका तासास वीस-पंचवीस सर्व्हिस पुरेत. हात मारून झालेल्या मुलांस पुन्हा खडूच्या वर्तुळाकडे पाठवावे, आणि चेंडू आणून देण्याचे काम पाळीपाळीने सर्वांस द्यावे, त्या चार मुलांसही.