मेजावरील न्याय

समजा, चेन्नईतील मैलापुरात चौघे मित्र जेवले. तिघांचे प्रत्येकी २४० रुपये झाले. चौथ्याने केवळ इडली-कॉफी घेतली, ८० रुपयांची. बेरीज ८००, जीएसटी ५ टक्के म्हणजे ४०, वाढप्यास १० टक्के टीप ८०, एकूण ९२०. समान वाटणीने प्रत्येकी २३० येतात. परंतु आपापल्या पदार्थांच्या किमतीत १५ टक्के मिळवल्यास तिघांचे २७६ आणि चौथ्याचे ९२ च होतात!

तो संकोचाने गप्प राहील. करिंथ येथील मंडळीतही ज्यांच्याजवळ काही नव्हते, त्यांना भोजनसमयीच लाजवले जात होते. पौलाने त्याची प्रशंसा केली नाही (१ करिंथ ११:२०-२२). म्हणून ज्याने अधिक खाल्ले, त्यानेच हिशेबाचा विषय प्रथम काढावा.