चोचीचा कंगवा

तोक्योच्या निशी-कासाई भागात बरीच भारतीय कुटुंबं राहतात. तिथून जवळच, समुद्राच्या काठावर कासाई रिंकाई पार्क आहे. (नीट 'कासाई' म्हणा हं! 'कसाई' म्हणालात तर पक्षी घाबरून उडून जातील.)

हिवाळ्यात तिथे गेलात की पाण्यावर बदकांचे थवे दिसतील. एकाच बदकाकडे पाच मिनिटं बघत राहा. ते मान मागे वळवतं, शेपटीच्या मुळाशी चोच घासतं आणि मग तीच चोच अंगभर फिरवतं. एकेक पीस चोचीत धरून टोकापर्यंत ओढतं. आई केस विंचरते ना, अगदी तसं.

शेपटीच्या मुळाशी तेलाची एक ग्रंथी असते. त्या तेलाने पिसं मऊ राहतात, लवकर तुटत नाहीत. पण नुसत्या तेलाने भागत नाही. पिसाला बारीक तंतू असतात आणि त्या तंतूंना डोळ्यांना न दिसणारे आकडे. चोच फिरवली की हे आकडे जॅकेटच्या चेनसारखे एकमेकांत अडकतात. मग पाणी आत शिरत नाही, अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळतं. (अळू माहीत नाही? इथे सातोइमो मिळतो ना, त्याचंच पान!)

पाणकावळ्याचं मात्र वेगळं. त्याची वरची पिसं भिजतात, म्हणून त्याला खोल बुडी मारणं सोपं जातं. नंतर तो पंख पसरून बसतो, बाल्कनीत वाळत घातलेल्या फुतोनसारखा.

ही चेन उघडली तर? जानेवारी १९९७ मध्ये 'नाखोद्का' हे रशियन तेलवाहू जहाज जपान समुद्रात फुटलं. काळं, चिकट तेल फुकुई आणि इशिकावाच्या किनाऱ्यांवर आलं. कडाक्याच्या थंडीत लोकांनी ते बादल्यांनी उपसलं. तेलाने माखलेले हजाराहून जास्त पक्षी सापडले, त्यातले कितीतरी मेलेले. अशा तेलाने पिसं चिकटतात आणि गार पाणी थेट कातडीपर्यंत पोचतं. बिचारा पक्षी मग रोजचंच काम करतो, चोचीने पिसं साफ करतो. तेच तेल त्याच्या पोटात जातं.

असा पक्षी जिवंत सापडला, तर माणसं त्याला भांडी घासायच्या साबणाने धुतात. साबणाचा थेंबही अंगावर राहून चालत नाही. पण पिसांचे आकडे पुन्हा अडकवायचं काम? ते त्याचं त्यालाच करावं लागतं.

येत्या रविवारी एक पक्षी निवडा. तो चोच कुठे कुठे फिरवतो ते बघा आणि पाच वाक्यं लिहून आणा. 'पीस', 'चोच' आणि 'विंचरणे' हे शब्द वापरा.