निशिगंधाची लागवड : कंदाची निवड महत्त्वाची

मेक्सिकोतून जगभर पसरलेला निशिगंध महाराष्ट्रात इतका रुजला आहे की, तो परदेशी आहे हे सांगूनही खरे वाटू नये. बाजारात त्यास गुलछडी म्हणतात. वनस्पतिशास्त्रज्ञ आता त्याची गणना घायपाताच्या प्रजातीत करतात. काटेरी घायपाताचा हा सुगंधी भाऊबंद दिवसापेक्षा रात्री अधिक दरवळतो. नाव सार्थ आहे.

लागवडीपूर्वी शेतकऱ्याने एक प्रश्न निश्चित करावयास हवा : फुले सुटी विकावयाची की दांडे? पाकळ्यांचा एकच थर असलेले एकेरी वाण अधिक सुवासिक असून हार, वेणी व अत्तरासाठी त्यांना मागणी असते. दुहेरी वाणाचे भरगच्च दांडे फुलदाणीत शोभतात, परंतु त्यांचा सुवास मंद असतो. हार करणाऱ्या बाजारासाठी दुहेरी वाण लावणे म्हणजे पीक चांगले येऊनही पदरी निराशा घेणे होय. शिवाय एकदा लावलेले पीक साधारणपणे तीन वर्षे शेतात ठेवतात. म्हणजे चूकही तितकीच वर्षे सोसावी लागते. बंगलोरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेले शृंगार व प्रज्वल हे एकेरी वाण प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी शृंगार मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना बऱ्याच अंशी दाद देत नाही.

सूत्रकृमी हा या पिकाचा छुपा शत्रू आहे. पाने पिवळी पडून झाड खुरटले की पुष्कळांना खताची उणीव वाटते व खर्च वाया जातो. अशा वेळी एक झाड उपटून मुळे पाहावीत. गाठी आढळल्यास त्या शेतातील कंद बेण्यासाठी घेऊ नयेत. शेजाऱ्याने फुकट दिले तरीही नाही.

बेण्यास दीड सेंटिमीटरहून जाड, निरोगी कंद निवडावेत. काढणीनंतर ते महिनाभर सावलीत पसरून विश्रांती द्यावी. एप्रिल-मे महिन्यांत, पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत पाच ते सात सेंटिमीटर खोल लागवड करावी. पाणी साचले तर कंद कुजतात. भारी काळ्या जमिनीत म्हणूनच सरी-वरंबे हवेत.

सुमारे तीन महिन्यांनी फुले येऊ लागतात. सुटी फुले पहाटे, ऊन चढण्यापूर्वी वेचावीत. दांडे मात्र तळाची एक-दोन फुले उमलताच कापून लगेच पाण्यात उभे करावेत.